शिटी न वाजता सुटलेली लायन

लायन सुटली आणि शिटी वाजलीच नाही.

मी शिटीची वाट बघत होते. एका हातात चहाचा ग्लास, दुसऱ्या हातानं कडेवरचं बाळ धरलेलं, आणि समोरचा ट्रक हलला. आधी मला वाटलं मलाच घेरी आली. मग त्याच्या मागचा हलला, त्याच्याही मागचा, काही आवाज नाही काही नाही, नुसता चाकाखालचा खडा कुरकुरला तेवढाच.

"अगे, लायन सुटली!" मी ओरडले.

"सुटतली मगे, दोन वाजले," गाड्यावरची मैत्रीण म्हणाली. ती भजी काढत होती, तिनं वर पण बघितलं नाही.

"पण शिटी खंय?"

"खंयची शिटी गो? शिटी आता कोण मारता? मोबायलार मेसेज येता तेंका."

ग्लास माझ्या हातातून कधी पडला मला माहीत नाही. पायावर चहा सांडला ते संध्याकाळी कळलं, कातडी लाल झालेली बघून. कारण माझी पोरगी, पाच वर्षांची, त्या लायनीतल्या कुठल्यातरी ट्रकाखाली बसलेली होती. आणि ती चुकून गेली नव्हती. तिला मी पाठवलेलं.

थांबा, नीट सांगते. नाहीतर तुम्ही म्हणाल कसली ही बाई, पोरीला ट्रकाखाली पाठवते. मी आठवीपर्यंत शिकलेली, मला एकामागून एक लिहायला जमत नाही, पण हे नीटच सांगायला पाहिजे.

माझं लहानपण गोव्यातल्या डिचोलीचं. म्हणजे बाजारातलं, देवळाजवळचं डिचोली नव्हे. शहर संपतं तिथं लोखंडाच्या खाणीचा रस्ता लागतो, त्या रस्त्याला लागून खोल्यांची एक रांग होती, तिथं आम्ही राहायचो. बाबा दोडामार्गाकडचे, ट्रकावर ड्रायव्हर म्हणून आलेले. आमच्या रांगेत सगळे तसलेच, कोण कुडाळचा कोण सावंतवाडीचा, आणि थोडे इथलेच डिचोलीचे. आमच्याकडे सगळं लाल होतं. कपडे लाल, कुत्री लाल, झाडाची पानं धुळीनं जड होऊन खाली वाकलेली. शाळेत मास्तर आमच्या बाकाला लाल बाक म्हणायचे. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. शेजारच्या गावची पोरं नाकाला रुमाल लावून जायची तेव्हा आम्ही त्यांना हसायचो.

दुपारी शाळा सुटायच्या वेळेला ट्रक बंद ठेवायचे, रस्त्यावर पोरं असतात म्हणून. तेव्हा रिकामे ट्रक काट्यापासून मागे एक लांबलचक लायन करून उभे राहायचे. काटा म्हणजे ट्रकाचं वजन करतात ती जागा, खाणीच्या गेटातच असते. त्या वेळात आम्ही पोरी बापाचा डबा घेऊन लायनीवर जायचो. सावली कुठे नाही. मग ट्रकाखालीच बसायचं. बाबा, क्लीनर काका, मी, सगळे चाकाला पाठ लावून. खाली गार लागायचं, वर इंजिनाचं तेल थेंब थेंब गळायचं, आणि डब्यात माशाचं हुमण आणि भात. आजसुद्धा डिझेलचा वास आला की मला भूक लागते. हे कोणाला सांगितलं तर हसतात.

पण त्याला एक पद्धत होती, ती सगळ्यांनी पाळायची. काट्यावरचा माणूस लांब शिटी मारायचा. शिटी वाजली की जो तो क्लीनर आपल्या ट्रकाच्या अंगावर दोन थापा मारणार, वाकून खाली बघणार, आणि मगच ड्रायव्हरला "सोड" म्हणून ओरडणार. आणि पोरांना काय सांगितलेलं? शिटी वाजेपर्यंत हलायचं नाही. वाजली की डाव्या अंगानं शेतात उतरायचं. रस्त्याच्या अंगाला पाय काढायचा नाही म्हणजे नाही, त्या बाजूनं भरलेले ट्रक येतात, भरलेला ट्रक थांबत नाही. आम्ही खालीच झोपून जायचो कधी कधी. शिटी वाजली की झोपेतसुद्धा डाव्या अंगाला लोळायचो. माझ्या आठवणीत तरी एकाही पोराला कधी खरचटलं नाही.

मग खाणी बंद पडल्या. लायन गेली. बाबा गावी परत गेले, मी शाळा सोडली, खोल्या एकेक करून रिकाम्या झाल्या. मला समुद्रकाठच्या हरमलला दिली. आमच्या घरवाल्यांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, चार खोल्या आहेत, टुरिस्टला देतात, भाड्यानं द्यायच्या स्कूटर आहेत. मी समुद्राला भिते. खरं सांगते, लग्नाला सात वर्षं झाली तरी गुडघ्याच्या वर पाण्यात गेलेली नाही. पोरगी वाळूत खेळत असली तर मी दर मिनिटाला हाक मारते. सासूबाई म्हणतात, "हिका साऱ्याचोच भंय, वाऱ्याचो भंय, पाण्याचो भंय." बरोबरच आहे ते. मला विजेची भीती, कुत्र्याची भीती, डॉक्टरची भीती. पण खाणीची आणि ट्रकाची भीती मला कधी वाटली नाही. कशी वाटणार, मी त्यांच्याखाली वाढले.

खाण परत सुरू झाली हे मला माझ्या मैत्रिणीनं फोनवर सांगितलं. आम्ही तिघी एका बाकावरच्या. हिची आई पूर्वी लायनीवर गाडो चालवायची, चहा, भजी, पाव. आता हिनं त्याच जागी गाडो टाकला. "ये गो बाय," म्हणाली, "लायन लागता परत. तुझ्या चेडवाक दाखय, तिची आवय खंय वाडली ती." चेडू म्हणजे पोरगी. दुसरी मैत्रीण डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या फॅक्टरीत पॅकिंगला आहे. तिची त्या आठवड्यात दुसरी पाळी होती, अडीचला तिची बस. म्हणजे दुपारपर्यंत तिघी एकत्र. असा योग किती वर्षांनी येतो?

घरवाल्यांना मी दोन दिवस लावून धरलं. "लोक परदेशातसून हरमलाक बघूक येतत," ते म्हणाले, "आनी आमी धूळ बघूक जावया?" पण खोल्यांत गिऱ्हाईक नव्हतं, सकाळी स्कूटर काढली. पुढे पोरगी उभी, मागे मी, आमच्या दोघांच्या मध्ये आठ महिन्यांचं बाळ. शिवोलीचा पूल, म्हापसा, अस्नोडा. अस्नोडा मागे पडलं तसा रस्त्याच्या कडेचा रंग बदलत गेला आणि मी पोरीच्या कानात सांगायला लागले, बघ, आता सगळं लाल होणार, बघ हां. माझा आवाज मलाच मोठा वाटत होता.

पण पोचल्यावर काहीतरी बरं वाटेना. आता हे मी नंतर आठवून म्हणते की तेव्हाच वाटलं, नक्की सांगता येत नाही. आमच्या खोल्यांची रांग गेली होती, नुसती जोती राहिलेली. मागची जुनी खाण पाण्यानं भरलेली, काठापर्यंत हिरवंगार पाणी, एक पक्षी नाही त्याच्यावर. पोरगी म्हणाली, "आई, समुद्र!" आणि मी तिचा हात धरून मागे ओढली. कोण माणूस दिसेना. पूर्वी ह्या रस्त्यावर माणसंच माणसं, क्लीनर, टायरवाले, सोडा विकणारे. आता लायन होती, पण ट्रक नुसते उभे, काचा वर केलेल्या, ड्रायव्हर आत झोपलेले. आमच्या वेळी एकेका ट्रकावर रंगानं नावं लिहिलेली, देवांची, पोरांची, लांबून ओळखता यायचा आपला बाप कुठला. आता सगळे एकसारखे पिवळे, सगळ्यांवर निळी ताडपत्री. आणि डाव्या अंगाला शेत होतं तिथं कंपनीनं चिऱ्यांची भिंत घातलेली. ट्रक आणि भिंत ह्यांच्यामध्ये हात जाईल एवढीच जागा. ती भिंत मी बघितली. बघितली आणि म्हटलं, शेत गेलं वाटतं. एवढंच म्हटलं.

"कुत्रो दिसना गो तुझो," फॅक्टरीवाली गाड्यावालीला म्हणाली. गाड्याखाली म्हणे एक पिल्लू असायचं.

"गेलो तो काल. लायनीखाली निजलेलो." तिनं झाऱ्यानं भजी उलटली. "ड्रायव्हराक कळ्ळां पण ना."

मी ऐकलं. माझ्या कानानी ऐकलं ते, आणि मला काही सुचलं नाही. कुत्रं ते कुत्रं, त्याला शिटी काय कळते, असंच मनात आलं माझ्या.

मग आमची थट्टामस्करी सुरू झाली. फॅक्टरीवाली माझ्या गालाला हात लावून म्हणाली, "हरमलकारीण गोरी जाली! गोऱ्या लोकांचो रंग लागलो हिका." गाड्यावाली म्हणाली, "मगे इंग्लीश उलोवन दाखय." मी म्हटलं, "रूम फुल, स्कूटर नो." तिघी इतक्या हसलो की बाळ दचकून रडायला लागलं. घरवाल्यांनी बायकांचं बोलणं थोडं ऐकून घेतलं, मग म्हणाले मागच्या चाकात हवा कमी वाटते, बाजारात जाऊन भरून येतो. जाताना मला म्हणाले, "पोरांकडे बघ. हयसर माका काय बरां वाटना." मी म्हटलं, "मी हयसरच वाढलंय."

मी पोरीला लायनीवर घेऊन गेले. गाड्यावालीचा भाऊ आता ट्रकावर आहे, त्याचा ट्रक गाड्यापासून मागे सहावा की सातवा. तो आत झोपलेला. दोन ट्रकांच्या मधून आम्ही आत शिरलो, वाकून, बाळाला पोटाशी धरून, आणि मागच्या चाकाला पाठ लावून बसलो. तसंच गार. तसाच वास. मी पावात भजी घालून पोरीला दिली. तिला सगळं सांगितलं, आजोबा इथं बसायचे, मी इथं, शिटी वाजेपर्यंत हलायचं नाही, शिटीनंतर दोन थापा, रस्त्याच्या अंगाला पाय काढायचा नाही. मी तिच्याकडून ते म्हणून घेतलं. तिनं पाठ म्हणून दाखवलं, बालवाडीत गाणं म्हणतात तसं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. हरमलच्या वाळूत माझं असं काहीच नाही जे मी तिला शिकवावं. तिथं सगळं तिच्या बापाचं, आजीचं. हे एकच माझं होतं.

परत गाड्यावर आलो तर दोन मिनिटांनी ती म्हणते, "आई, मी परत बसू तिथं? घर घर खेळते." हातात तिची बाहुली.

फॅक्टरीवाली तेव्हा मला तिच्या नवऱ्याचं सांगत होती, हळू आवाजात. किती वर्षांनी कोण मला असं काही सांगत होतं. मी पोरीला म्हटलं, "जा. शिटी वाजेपर्यंतच हां."

हे असं झालं. त्यात काही लपवलेलं नाही.

आता लायन सुटली तिथं येते.

गाडो लायनीच्या पुढच्या बाजूला, काट्याजवळ. पहिले तीन ट्रक निघून गेले तेव्हा मी पहिलं काय केलं तर ते उभे होते ती जागा बघितली. रस्ता बघितला. मला बघायचं नव्हतं पण मान वळली. तेलाचे डाग होते, एक पाण्याची बाटली होती चपटी झालेली. दुसरं काही नव्हतं. मला वाटतं माझ्या आयुष्यात मी तेवढी मोठी गोष्ट कधी बघितलेली नाही, ती मोकळी जागा.

म्हणजे ती मागे कुठेतरी होती. जिवंत होती आणि मागे होती.

"चेडू खंय गेलां?" फॅक्टरीवालीनं विचारलं, आणि माझं तोंड बघून तिला कळलं. गाड्यावाली झारा टाकून धावली, तिच्या भावाच्या ट्रकाकडे, मागे. मी तिला वाकताना बघितली. ती उठली आणि दोन्ही हात हलवले. नाही. तिथं नाही. पोरीला कुठला मामाचा आणि कुठला कोणाचा काय कळणार, सगळे पिवळे. ती कुठल्याही ट्रकाखाली शिरलेली असणार. वीस तरी ट्रक होते मागे.

मी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण दोनचं झालं होतं आणि समोरच्या अंगानं भरलेले ट्रक गेटातून बाहेर पडायला लागले होते, एकामागे एक, उतारावर, धूळ उडवत. डाव्या अंगाला भिंत. मी हाक मारली आणि ती ऐकून बाहेर आली तर कुठून येणार? त्या अंगानंच येणार. आणि नाही मारली तर ती बसून राहणार, शिटीची वाट बघत. तिला मी पाठ करून दिलेलं. माझी पोरगी सांगितलेलं ऐकते, बालवाडीच्या बाई पण म्हणतात.

एकच होतं. चौथा ट्रक थांबवायचा. चौथा थांबला की मागची सगळी लायन थांबली, एक चाक हलणार नाही. चौथ्याचं इंजिन चालू झालं होतं. तो गाड्याच्या अगदी समोर होता, दहा पावलांवर.

मी त्याच्या पुढे गेले आणि हात आडवा केला. तो हलला. मी ओरडले. त्यानं हॉर्न पण वाजवला नाही, म्हणजे मी त्याला दिसतच नव्हते. मी बुटकी आहे, अंगानं पण भरलेली नाही. ते नवे ट्रक एवढे उंच, नाकाखाली उभं राहिलेलं माणूस वरून दिसत नाही. मला समोर फक्त लोखंड दिसत होतं, आणि त्याची गरम वाफ पोटाला लागत होती.

आणि बाजूला फॅक्टरीवाली उभी होती, दोन्ही हात पुढे करून. "बाळाक दी! बाळाक दी गो माझ्याकडे!"

मी ते ऐकलं. मला ऐकू आलं नाही असं मी घरी सांगितलं नाही आणि तुम्हाला पण सांगणार नाही. ऐकलं आणि दिलं नाही. तिच्या हातात आणि माझ्यात एका हाताचं अंतर होतं. मी बाळाला कडेवरून काढलं, दोन्ही काखांत धरलं आणि डोक्याच्या वर उचललं, हात पोचतील तेवढं वर, काचेसमोर. तो रडला पण नाही. त्याला वाटलं खेळ आहे. तो पाय झाडत हसला, मला वरून त्याचा हसण्याचा आवाज आला.

ट्रक माझ्या पोटाला लागला. लागला म्हणजे ढकललं त्यानं मला, अर्धं पाऊल. आणि थांबला. असा थांबला की मागची ताडपत्री फडकली.

मग दार उघडलं, ड्रायव्हर खाली उडी मारून आला. तरुण पोरगा, बोलण्यावरून आमच्या मालवणाकडचा. शिव्या देत होता. "बाये, येडी झालंस काय? मरूचा आसा तर जा थंय पाण्यात मर! पोराक घेऊन गाडयेखाली?"

"माजां चेडू," मी म्हटलं. "खाली आसा. माजां चेडू खाली आसा."

त्याचा रंग उतरला. तो आपल्या ट्रकाखाली वाकला, मग मागच्याच्या, मग धावत सुटला, दारांवर थापा मारत, "बंद कर! इंजिन बंद कर!" दुसरे ड्रायव्हर उतरले. सगळी माणसं एकदम वाकलेली, एवढे मोठे पुरुष गुडघ्यांवर.

नवव्या ट्रकाखाली सापडली. मागच्या चाकाच्या आतल्या अंगाला पाठ लावून बसलेली, बाहुली मांडीवर झोपवलेली. गाड्यावालीच्या भावानं तिला काढली. त्याच्या कडेवर बसून ती माझ्याकडे आली आणि पहिलं काय म्हणाली, "आई, शिटी खंय वाजली? ह्या मामांनी नुसत्या थापा मारल्या." तिला वाटत होतं तिचं काहीतरी चुकलं.

तो ड्रायव्हर नंतर गाड्यावर बसला, पाणी प्याला. फॅक्टरीवालीनं विचारलं, "तुका ही दिसली नाय काय रे?" तो म्हणाला, "नाय दिसली. शपथ. माका नुसते बाळाचे पाय दिसले. दोन पाय वर, हवेत. माका वाटला देवचार, भूत."

आणि मी बघितलं तर रस्त्याच्या पलीकडे स्कूटरवर घरवाले. हवा भरून आले होते. कधी आले, किती वेळ तिथं होते, मला माहीत नाही. भरलेल्या ट्रकांमुळे त्यांना रस्ता ओलांडता आला नव्हता. पोरगी ट्रकाखाली आहे हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी बघितलं ते एवढंच, की आपली बायको चालत्या ट्रकापुढे उभी राहिली, शेजारी एक बाई हात पसरून बाळ मागते आहे, ती देत नाही, आणि बाळाला उचलून ट्रकाच्या तोंडाशी धरते.

नंतर सगळं कळलं त्यांना. मी सांगितलं, मैत्रिणींनी सांगितलं, त्या ड्रायव्हरनं हात जोडून सांगितलं. पोरीला पोटाशी धरून ते रडले, माझ्यासमोर पहिल्यांदाच. पण बाळाला त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं. हरमलपर्यंत त्याला छातीशी कापडानं बांधून आणलं, मला दिलं नाही. अस्नोड्याला थांबलो तेव्हा मी म्हटलं, त्याला भूक लागली असेल. ते म्हणाले, "घरी गेल्यार."

त्याला आता महिना होत आला. पोरीला का पाठवलीस, हे ते एकदाही बोलले नाहीत. ते बोलले असते तर मला परवडलं असतं, ते माझं चुकलंच, जन्मभर मान खाली घालीन. ते बोलतात ते दुसरंच. एकदाच बोलले, जेवताना, भाताकडे बघत. "एकाक वाचवूक दुसऱ्याक पुढे केलंस." सासूबाईंनी ताट सरकवलं आणि उठून गेल्या. तेव्हापासून बाळाची आंघोळ त्या घालतात. दूध पाजायला माझ्याकडे देतात आणि दारात उभ्या राहतात. मी कुठं निघाले तर "बाळाक ठेव हयसर" म्हणतात, रागानं नाही, गोड आवाजात, वेड्या माणसाशी बोलतात तसं. आणि बाळ आता रांगत माझ्याकडे येताना मध्येच थांबतं, आजीकडे बघतं, जाऊ की नको.

फॅक्टरीवालीचा फोन आला होता. तिला मी विचारलं, तुला काय वाटलं तेव्हा. ती मग म्हणाली, "मी धरलेला आसता गो तेका. घट्ट धरलेला आसता." तिला पोर नाही.

मी रोज तिथं परत उभी राहते, त्या लोखंडासमोर. कधी मी बाळ तिच्या हातात देते. मग मी एकटी हात आडवा करून उभी, आणि ड्रायव्हरला पाय दिसत नाहीत, कारण पाय नाहीतच. तो पुढे येतो. मग मागचा. मग त्याच्या मागचा. नवव्यापर्यंत मी कधी पोचत नाही.

दुसऱ्या वेळी मी बाळाला वर धरते आणि ड्रायव्हर मोबायलात बघत असतो.

दोन्ही मला दिसतं. खरं झालं ते तिसरं, आणि तेच कोणी हिशेबात धरत नाही. मी घरात कोणाला विचारू शकत नाही, घरात सगळ्यांचं ठरलेलं आहे. म्हणून इथं लिहिते, तुम्ही मला ओळखत नाही, तुम्हाला खरं बोलायला काय जातं. तुम्ही तिथं असतात, इंजिन चालू झालेलं, पोर कुठल्या चाकाखाली ते माहीत नाही, मैत्रिणीचे हात पुढे आलेले आणि बाळ तुमच्या कडेवर, तर दिलं असतंत? सांगा ना, तुम्ही काय केलं असतंत?